मोरीतल्या माशीचे कुल

न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवर पंख छपरासारखे टाकून बसलेली राखाडी, केसाळ, चिमुकली माशी तुम्ही पाहिली असेल. ती चावत नाही. तिच्या अळ्या मोरीच्या नळीत साचलेल्या बुळबुळीत थरावर वाढतात. गोठ्याच्या भिंतीच्या फटीत दिवसा दडणारी आणि रात्री रक्त पिणारी वाळूमाशी हिच्याच कुलातली. या दोघींना एका कुलात बसवायला आधार काय, हे या पुस्तकात पाहायचे आहे.

मुख्य आधार पंखांचा. शिरा मुळापासून कडेपर्यंत लांबच लांब धावतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा फार थोड्या असतात. लिनीअसने १७५८ साली यातल्या एका जातीची नोंद केली, तेव्हा तिला लांब पायांच्या टिपुला वंशात टाकले होते. लात्रेयने १७९६ मध्ये सायकोडा हा वंश वेगळा काढला आणि न्यूमनने १८३४ मध्ये सायकोडिडी कुल मांडले. आज या कुलात तीन हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत.

नावे वाचायला मात्र शिकावे लागते. मोरीतल्या एका अगदी सामान्य माशीचे नाव आज ‘क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा (विलिस्टन, १८९३)’ असे छापतात. कंस शोभेसाठी नाही. विलिस्टनने तिला सायकोडा वंशात ठेवले होते, वंश पुढे बदलला, आणि असा बदल झाला की मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात घालावे असा प्राणिनामकरणाच्या संहितेचा नियम आहे. मधली अनेक वर्षे हीच माशी टेल्माटोस्कोपस वंशात होती. जुने लेख शोधताना हे नाव ठाऊक नसेल, तर निम्मे साहित्य हाती लागत नाही. उलट ‘फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस अ‍ॅनंडेल आणि ब्रुनेट्टी, १९०८’ या नावाला कंस नाही. त्यांनी जिथे ठेवली तिथेच ती राहिली आहे.

ही अर्जेंटिपेस म्हणजे आपल्याकडची काळा आजार पसरवणारी वाळूमाशी. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमशी संबंधित अभ्यासकांनी तिचे वर्णन केले. तिच्या चाव्यातूनच रोग माणसाला होतो, हे स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ मध्ये स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांनी दाखवले. एवढी महत्त्वाची माशी, तरी ती एकच जाती आहे की हुबेहूब दिसणाऱ्या जातींचा समूह, यावर वाद चालू आहे. फवारणी कुठे करायची याच्याशी त्याचा थेट संबंध असल्यामुळे हा वाद मला पोकळ वाटत नाही.

महाराष्ट्रातले उदाहरण चांदीपुरा विषाणूचे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या गावात तापाच्या रुग्णांत तो सापडला आणि त्याला गावाचेच नाव मिळाले. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत तो वाळूमाश्यांतही मिळाला, पण त्या माश्यांची ओळख वंशापर्यंतच थांबली. नंतर सर्जेंटोमिया या दुसऱ्या वंशातल्या माश्यांतही तो आढळला. विषाणू ओळखता आला, माशीची जाती तेवढी राहून गेली.

याचे कारण आळस नव्हे. जाती ठरवायला माशी कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक करून काचपट्टीवर चढवावी लागते. नराची जननांगे आणि शृंगिकांवरचे संवेदी अवयव पाहावे लागतात. वाळूमाशीची मादी असेल तर शुक्रकोश आणि मुखपोकळीतले दातही तपासावे लागतात. नुसत्या डोळ्यांना सगळ्याच राखाडी दिसतात.

अभ्यासकांचेही एकमत नाही. प्रागच्या येझेक यांनी जुन्या सायकोडाचे अनेक लहान वंश केले. कित्येक जण अजूनही एकच मोठा सायकोडा वापरतात. वाळूमाश्यांना वेगळे कुलच द्यावे असेही काहींना वाटत आले आहे. लहान वंशांमागचे निरीक्षण बारीक आहे, हे मान्य. पण नवशिक्याला वंश ओळखण्यासाठीच जर पुन्हा काचपट्टी करावी लागत असेल, तर विभागणीचा उपयोग मर्यादित ठरतो. म्हणून या पुस्तकात सायकोडा मोठाच ठेवला आहे. लहान वंशांची नावे त्या त्या जातीसोबत दिली आहेत.

माश्या जमवायच्या असतील तर अल्कोहोलमध्ये ठेवा. टाचणीवर त्या सुकून चुरगळतात. कुपीत ठिकाण, तारीख आणि कशावर मिळाली याची पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवीच, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पहिले प्रकरण पंखांचे आहे. एखादी मेलेली माशी आणि दहापटीचे भिंग जवळ असेल, तर ते लवकर वाचून होईल.