खुनाचा तपास आणि न्यायवैद्यक पुरावा : घटनास्थळ ते प्रयोगशाळा या वाटेवर विश्वास कोठे हरवतो?

सिल्वासा : दादरा आणि नगर हवेली हा प्रदेश आकाराने लहान आहे. त्याच्या एका बाजूस महाराष्ट्राचा पालघर जिल्हा, तर दुसऱ्या बाजूस गुजरातचा वलसाड जिल्हा आहे. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सिल्वासानजीकच्या सायली गावातून नऊ वर्षांचा एक मुलगा बेपत्ता झाला आणि पुढे त्याच्या देहाचे अवशेष गुजरात हद्दीतील वापी परिसरात सापडले. धनप्राप्तीच्या हव्यासातून नरबळी दिल्याचा संशय पोलिसांनी व्यक्त केला व एका अल्पवयीनासह तिघांना ताब्यात घेतले. अशा गुन्ह्यास बहुधा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतो. अवशेष कोणाचे, रक्त कोणाचे, हत्यार कोणते, या प्रश्नांची उत्तरे विज्ञानालाच द्यावी लागतात. ती उत्तरे ज्या नमुन्यांवर अवलंबून असतात, ते नमुने मात्र प्रथम पोलिसांच्या हाती येतात.

खुनाच्या खटल्यांविषयी जनमानसात जो अविश्वास दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. रक्तगट, डीएनए किंवा गोळीवरील खुणा यांच्या शास्त्राविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. शंका असते ती नमुना उचलल्यापासून तो प्रयोगशाळेच्या टेबलावर पोहोचेपर्यंतच्या काळाविषयी. दादरा आणि नगर हवेली, दमण व दीव, गोवा आणि महाराष्ट्र हे सर्व प्रदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. त्यामुळे या पट्ट्यातील गाजलेल्या प्रकरणांचा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडील निर्णयांचा एकत्रित विचार केल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

पुराव्याचा प्रवास कसा होतो?

संशयास्पद मृत्यूची खबर मिळताच पोलीस घटनास्थळ व मृतदेह यांचा पंचनामा करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये मृत्यूच्या अशा चौकशीची तरतूद आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. पंचांसमक्ष वस्तू जप्त होतात, त्या मोहोरबंद करून त्यांवर सह्या घेतल्या जातात आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत त्यांची नोंद होते. मृतदेह शवचिकित्सेसाठी जातो. तेथे डॉक्टर रक्त, नखे, कपडे आणि व्हिसेरा राखून ठेवतात व पोलिसांच्या स्वाधीन करतात. त्यानंतर हे सारे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवाना होते.

या प्रत्येक टप्प्यावर बारीकसारीक पथ्ये पाळावी लागतात. रक्ताने भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडला की बुरशी व जिवाणू डीएनएचा नाश करतात. विषतपासणीसाठी राखलेला व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, कारण फॉर्मलिनमुळे अनेक विषांचा शोध घेणे अवघड होते. द्रव रक्ताचा नमुना थंड ठेवावा लागतो. कोकण-गोव्याच्या किंवा दमणगंगेकाठच्या दमट हवेत यातली एकही हयगय महागात पडू शकते.

याहून महत्त्वाची असते ती ताब्याची साखळी. नमुना कोणी घेतला, कोणाकडे दिला, किती वाजता दिला, कोठे ठेवला आणि मोहोर शाबूत होती का, या प्रश्नांची अखंड लेखी नोंद म्हणजे ताब्याची साखळी. तिच्यातील एक दुवा निखळला, तर नमुना प्रत्यक्षात बदललेला नसला तरी तो बदलला नव्हता हे सिद्ध करता येत नाही.

हणजूण : बुडून मृत्यू की गुन्हा?

गोव्यातील जनतेच्या स्मरणात कोरले गेलेले प्रकरण १८ फेब्रुवारी २००८ चे आहे. त्या दिवशी हणजूण किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह आढळला. पोलिसांनी प्रारंभी हा बुडून झालेला मृत्यू मानला. मुलीच्या आईने हा निष्कर्ष नाकारून दुसऱ्या शवचिकित्सेचा आग्रह धरला. मार्चमध्ये ती झाली, शरीरावर पन्नासच्या आसपास जखमांची नोंद झाली आणि त्यानंतरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. मृतदेह तोवर जतन केलेला होता म्हणूनच हे शक्य झाले.

पाण्यात सापडलेला मृतदेह हा न्यायवैद्यकातील कठीण विषय आहे. नाकातोंडातील फेस, फुप्फुसांची अवस्था आणि हाडांच्या मगजात पोहोचलेले डायाटम नावाचे सूक्ष्म शैवाल यांवरून व्यक्ती पाण्यात जिवंत असताना पडली का, याचा अंदाज बांधता येतो. तथापि, बुडून मृत्यू झाला एवढे ठरल्याने घातपाताची शक्यता संपत नाही. अमली पदार्थ देऊन शुद्ध हरपलेल्या व्यक्तीस पाण्यात टाकून दिले तरी मृत्यूचे वैद्यकीय कारण बुडणे हेच राहते. म्हणूनच पहिल्याच दिवशी ‘अपघात’ ही नोंद झाली की घटनास्थळ मोकळे होते. वाळूवरील खुणा भरतीने पुसल्या जातात आणि पुन्हा मिळत नाहीत.

तपास पुढे सीबीआयकडे गेला. २३ सप्टेंबर २०१६ रोजी गोवा बाल न्यायालयाने दोघाही संशयितांची निर्दोष मुक्तता केली. एका महत्त्वाच्या परदेशी साक्षीदाराने न्यायालयात येऊन साक्ष दिली नव्हती. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हा निकाल अंशतः फिरविला आणि एका आरोपीस सदोष मनुष्यवधासह अन्य कलमांखाली दोषी ठरवून दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. दुसऱ्याची मुक्तता कायम राहिली. मृत्यू आणि हा निकाल यांच्यात अकरा वर्षे गेली.

या प्रकरणाची सावली अद्याप सरलेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कळंगुट किनाऱ्यावर एका तरुणीचा मृतदेह सापडला आणि पोलिसांनी बुडून मृत्यू झाल्याचे सांगितले, तेव्हा त्या खुलाशावर विश्वास ठेवण्यास अनेकांनी नकार दिला. एकदा गमावलेला विश्वास पुढील प्रकरणातील खऱ्या निष्कर्षालाही मिळत नाही. दुसरीकडे, काणकोण येथे मार्च २०१७ मध्ये झालेल्या परदेशी तरुणीच्या खुनात फेब्रुवारी २०२५ मध्ये आरोपीस जन्मठेप झाली. तेथे खुनाचा गुन्हा आरंभीच नोंदविला गेला होता, तरीही शिक्षेपर्यंत पोहोचण्यास जवळजवळ आठ वर्षे लागली.

बेवारस मृतदेह आणि न जुळलेल्या नोंदी

अविश्वासाचे दुसरे रूप महानंद नाईक प्रकरणात दिसले. २००९ मध्ये अटक झालेल्या शिरोड्याच्या या इसमावर १९९४ पासून सोळा महिलांच्या खुनांचे आरोप ठेवण्यात आले. एवढ्या दीर्घ काळात बेपत्ता स्त्रियांच्या तक्रारी आणि सापडलेले अनोळखी मृतदेह यांची सांगड घातली गेली नव्हती. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली. अनेक खटल्यांत मात्र पुराव्याअभावी तो सुटला. वर्षानुवर्षे जुन्या मृत्यूंचा वैज्ञानिक पुरावा उरत नाही, तो वेळेवर राखून ठेवावा लागतो.

महाराष्ट्रातील शीना बोरा प्रकरणातही हाच दोष प्रकट झाला. मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात जळालेल्या अवस्थेतील मानवी अवशेष पोलिसांना मिळाले. ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठविण्यात आले, पण त्या वेळी ना गुन्हा नोंदला गेला, ना अकस्मात मृत्यूची नोंद झाली. तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, प्रकरण उघडकीस आले. जून २०२४ मध्ये अभियोग पक्षाने विशेष न्यायालयास सांगितले की ही हाडे सापडत नाहीत, आणि पुढच्याच महिन्यात ती सीबीआयच्या दिल्लीतील मुद्देमाल खोलीत असल्याचे कळविले. देशातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या खटल्यात असे घडत असेल, तर खेड्यातल्या अनाम खुनाच्या मुद्देमालाचे काय होत असेल, ही शंका लोकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेल्या हत्येच्या तपासात वाद निराळा होता. दाभोलकर, गोविंद पानसरे आणि एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्यांतील काडतुसांविषयी वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या मतांत तफावत दिसल्यावर ती ब्रिटनच्या स्कॉटलंड यार्डकडे पाठविण्याचा विचार तपासयंत्रणेने न्यायालयापुढे मांडला. आवश्यक कायदेशीर करार नसल्याने तो मार्ग खुंटला आणि अखेर गुजरातमधील प्रयोगशाळेचे मत घेण्याचे ठरले. या काळात महिने गेले. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले.

सर्वोच्च न्यायालय काय सांगते?

हयगयीची किंमत केवळ मृताचे कुटुंबच मोजते असे नाही. दिल्लीच्या छावला भागातील २०१२ च्या अपहरण, बलात्कार व खून प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी मुक्त केले. १४ व १६ फेब्रुवारीस घेतलेले नमुने २७ फेब्रुवारीपर्यंत पोलिसांच्या मुद्देमाल खोलीत पडून होते. या काळात त्यांच्यात फेरफार झाला नसेल असे मानता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. १९ मे २०२३ रोजी ठाणे जिल्ह्यातील २०१० च्या एका बालिकेच्या खून प्रकरणातही हेच घडले. कनिष्ठ न्यायालयाने दिलेली आणि उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी रद्द झाली, कारण डीएनए नमुने पाठविण्यातील विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते.

अशा निकालाने दोन शक्यता खुल्या राहतात. एक तर खरा गुन्हेगार सुटला, नाहीतर निरपराध माणूस अनेक वर्षे फाशीच्या छायेत राहिला. यांपैकी खरे काय, हे पुन्हा कधीही कळत नाही, कारण ते सांगू शकणारा पुरावाच निरुपयोगी झालेला असतो.

तमिळनाडूतील एका खटल्यात १५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांबाबत देशभरासाठी निर्देश दिले. ते असे :

• नमुन्याच्या वेष्टनावर गुन्हा क्रमांक, दिनांक, कलमे, तपास अधिकारी व पोलीस ठाणे यांचा तपशील असावा आणि नोंदपत्रावर डॉक्टर, तपास अधिकारी व स्वतंत्र साक्षीदार यांच्या सह्या असाव्यात.

• नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. विलंब झाल्यास त्याची कारणे नोंदवावीत.

• खटला किंवा अपील प्रलंबित असताना न्यायालयाच्या परवानगीविना वेष्टन उघडू नये.

• ताब्याच्या साखळीची नोंदवही दोषसिद्धी वा मुक्ततेपर्यंत राखावी आणि ती खटल्याच्या कागदपत्रांचा भाग असावी.

नव्या कायद्यातील तरतुदी

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६(३) अन्वये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे व त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. स्वतःची सुविधा नसल्यास, ती उभी राहीपर्यंत अन्य राज्याच्या सुविधेचा वापर करण्याची मुभा आहे. लहान प्रदेशांच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. मात्र नमुना जितका दूर जाईल, तितकी साखळीतील हातांची संख्या वाढेल आणि नोंदींची जबाबदारीही वाढेल. कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते.

पोलिसांच्या बाजूचाही विचार आवश्यक आहे. घटनास्थळी सर्वप्रथम पोहोचणारा हवालदार बहुधा बंदोबस्तातून आलेला असतो. गर्दी, नातेवाईक आणि छायाचित्रे टिपणारे बघे यांना आवरताना पायाखालचा पुरावा तुडविला जातो. अहवालास लागणारा विलंब पुष्कळदा प्रयोगशाळेतील कामाच्या ओझ्यामुळे असतो. परंतु या अडचणी नोंदवहीत वेळ व सही न टाकण्याचे कारण ठरू शकत नाहीत. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही.

कुटुंबीय काय करू शकतात?

मृत्यूच्या कारणाविषयी शंका असल्यास अंत्यसंस्कारापूर्वीच पोलीस आणि दंडाधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार देणे हिताचे. पुरलेला मृतदेह दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने बाहेर काढता येतो, दहनानंतर तो मार्ग उरत नाही. गुन्हा नोंदविण्यास नकार मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. कलम १९३(३) अन्वये तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीस किंवा पीडितास कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नमुने कोणत्या दिवशी, कोणत्या प्रयोगशाळेकडे आणि कोणत्या जावक क्रमांकाने गेले, हा प्रश्न त्या वेळी लेखी विचारणे योग्य ठरते. खटल्याच्या काळात सरकारी वकिलांमार्फत ताब्याच्या नोंदवहीची मागणी करता येते.

हणजूणच्या आईने पहिला अहवाल स्वीकारला असता, तर न्यायालयापुढे खटलाच उभा राहिला नसता. प्रत्येक कुटुंबाकडे तेवढे बळ, पैसा आणि प्रसिद्धी माध्यमांचा पाठिंबा नसतो. सायलीसारख्या गावातील आदिवासी किंवा स्थलांतरित कामगार कुटुंबाला तर पोलीस ठाण्यातील नोंदवहीवरच विसंबावे लागते. ती नोंदवही पहिल्या तासापासून पूर्ण असणे, हाच त्यांच्यासाठी न्यायाचा आरंभ आहे.