एका शेतकऱ्याचा नकार

मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. लढाया, तह आणि सनावळ्या यांनीं किती फळे भरले असतील, त्यास गणती नाहीं. एकदां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, जो लढायला गेलाच नाहीं, त्याचें नांव पुस्तकांत कां नसतें?" त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. आज अशाच एका मनुष्याची हकीकत मी आपणांस सांगणार आहें.

ऑस्ट्रियांत, बव्हेरियाच्या सीमेलगत, सांक्ट राडेगुंड नांवाचें खेडें आहे. तेथें १९०७ सालीं फ्रांत्स येगरश्टेटर याचा जन्म झाला. तरुणपणीं तो जरा दांडगाच होता; पुढें १९३६ सालीं फ्रांत्सिस्का हिच्याशीं त्याचा विवाह झाला, तीन मुली झाल्या, आणि हा शेतकरी मोठा भाविक कॅथलिक बनला. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्या कृत्यास संमति मागणारें मतदान झालें, तेव्हां साऱ्या गांवांत विरुद्ध मत देणारा फ्रांत्स एकटाच निघाला.

१९४० सालीं त्यास सैनिकी शिक्षणासाठीं नेलें व १९४१ सालीं परत पाठविलें. परंतु पुन्हा बोलावणें आल्यास जावयाचें नाहीं, असा त्याचा निश्चय होत गेला. शेजारच्या राष्ट्रांवर विनाकारण चालून जाणें हें पाप आहे. मग त्या पापांत आपण हातभार कसा लावावा, एवढाच त्याचा प्रश्न होता. तो घेऊन तो लिंझच्या बिशपांकडे गेला. बिशप फ्लीसर यांनीं त्यास संसाराच्या जबाबदारीची आठवण दिली आणि आज्ञा पाळण्याचा सल्ला दिला.

हा सल्ला केवळ भित्रेपणाचा नव्हता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. संत ऑगस्टीनपासून कॅथलिक धर्मशास्त्र असें सांगत आलें कीं, युद्धाचें कारण न्याय्य असेल तरच तें करावें. परंतु कारण न्याय्य आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें कोणीं? राजानें. प्रजाजनास शंका आली तर त्यानें राजावर विश्वास ठेवावा, अशी वहिवाट पडली होती. कसोटी शास्त्रांत होती, पण ती लावून पाहण्याचा अधिकार सामान्य शिपायाच्या हातीं नव्हता.

१९४३ च्या मार्चमध्यें फ्रांत्स छावणींत हजर झाला व शस्त्र धरणार नाहीं असें त्यानें सांगितलें. जखमी शिपायांची शुश्रूषा करण्याची त्याची तयारी होती. ती कोणी मानली नाहीं. त्यास प्रथम लिंझच्या व मग बर्लिनच्या तुरुंगांत ठेवलें. तेथें त्याची पत्नी व गांवचे धर्मगुरु त्यास भेटून गेले, पण त्याचा निश्चय ढळला नाहीं. फ्रांत्स राइनिश या धर्मगुरूनें हिटलरच्या निष्ठेची शपथ नाकारून आदल्या वर्षीं मरण पत्करलें होतें. तें ऐकून त्यास मोठा धीर आला. ९ ऑगस्ट १९४३ रोजीं ब्रांडेनबुर्ग येथें त्याचा शिरच्छेद झाला.

युद्ध संपलें, तरी त्याच्या वांट्यास गौरव आला नाहीं. १९४६ सालीं त्याच्याविषयींचा एक लेख धर्मप्रांताच्या पत्रांत छापण्यास त्याच बिशपांनीं मनाई केली. कर्तव्य म्हणून लढून मेलेले तरुण त्यांना अधिक थोर वाटत होते. विधवेस १९५० पर्यंत निवृत्तिवेतन नव्हतें. पुढें १९५६ च्या नाताळच्या भाषणांत खुद्द पोप बारावे पायस यांनीं सांगितलें कीं, कायदेशीर सरकारनें संरक्षणासाठीं पुकारलेल्या युद्धांत विवेकबुद्धीचें निमित्त सांगून कॅथलिकास सेवा नाकारतां येणार नाहीं.

१९६४ सालीं गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें फ्रांत्सचें चरित्र प्रसिद्ध केलें. दुसऱ्या महायुद्धांत झान यांनीं स्वतःहि शस्त्र धरण्यास नकार दिला होता. त्या वेळीं रोम येथें कॅथलिक धर्मसंस्थेची दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती, आणि येथें आपल्या मुंबईचा संबंध येतो. १९३७ पासून १९५० पर्यंत मुंबईचे आर्चबिशप असलेले टॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट. भारतीय बिशपास जागा मिळावी म्हणून त्यांनीं आपण होऊन पद सोडलें व व्हॅलेरियन ग्रेशस तेथें आले. याच रॉबर्ट्स यांनीं १९६५ सालीं फ्रांत्सचें उदाहरण परिषदेपुढें ठेवलें आणि युद्ध नाकारणाऱ्याचा हक्क धर्मसंस्थेनें स्पष्ट शब्दांत सांगावा, असा आग्रह धरला.

७ डिसेंबर १९६५ रोजीं जाहीर झालेल्या परिषदेच्या लेखांत त्या दिशेनें पाऊल पडलें. विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र नाकारणारे लोक अन्य रीतीनें समाजाची सेवा करण्यास तयार असतील, तर कायद्यानें त्यांच्याशीं माणुसकीनें वागावें, असें तो लेख सांगतो. राष्ट्राचा आत्मसंरक्षणाचा अधिकार त्यानें काढून घेतला नाहीं. मात्र आंधळी आज्ञापालकता ही अपराधाची सबब होऊं शकत नाहीं, असें बजावलें. पुढें व्हिएतनामच्या युद्धकाळांत, १९६८ सालीं, अमेरिकेच्या बिशपांनीं विशिष्ट युद्ध अन्याय्य वाटल्यास तें नाकारण्याची मुभा कायद्यानें द्यावी, अशी मागणी केली.

१९९७ सालीं बर्लिनच्या न्यायालयानें फ्रांत्सची शिक्षा रद्द ठरविली. २६ ऑक्टोबर २००७ रोजीं लिंझ येथें धर्मसंस्थेनें त्यास 'धन्य' म्हणून घोषित केलें. ज्या शहरीं त्यास 'आज्ञा पाळ' असें सांगितलें होतें, तेथेंच हा समारंभ झाला, आणि चौऱ्याण्णव वर्षांची फ्रांत्सिस्का तेथें हजर होती.

त्या मुलास आतां मी सांगेन: बाळ, अशा माणसाचें नांव पुस्तकांत उशिरा येतें, कारण त्याच्या बाजूनें बोलावयास फारसें कोणी नसतें. फ्रांत्सच्या पाठीशीं तर त्याचे बिशपहि नव्हते. तरी शाळेंतल्या पुस्तकांत लढायांच्या यादीशेजारीं एक ओळ त्याच्यासाठीं असावी, असें मला वाटतें.