अवरक्त तापमापी : हर्शेल यांच्या लोलकापासून कपाळावर रोखलेल्या यंत्रापर्यंत

१) २०२० साली कार्यालयांच्या आणि दुकानांच्या दारात पिस्तुलासारखे एक यंत्र प्रत्येकाच्या कपाळावर रोखले जाऊ लागले. आकडा ठीक आला की प्रवेश मिळे. त्या आकड्याचा नेमका अर्थ काय होता? त्याचे उत्तर दोन शतकांपूर्वीच्या प्रयोगांत सापडते. त्याविषयी हा धागा.

२) सन १८००. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल इंग्लंडमधील स्लाऊ येथे रंगीत काचांमधून सूर्याचे निरीक्षण करीत होते. काही काचांतून उजेड कमी येई, तरी उष्णता अधिक जाणवे. प्रत्येक रंगाची उष्णता निराळी असते काय, असा प्रश्न त्यांना पडला.

३) त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला. काळ्या फुग्याचा एक तापमापी त्यात ठेवला आणि तुलनेसाठी दोन बाहेर ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना तापमान वाढत गेले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ते आणखी वाढले. हेच अवरक्त किरण.

४) १८०४ साली स्कॉटलंडच्या जॉन लेस्ली यांनी याच विषयावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. धातूच्या घनाकृती भांड्यात गरम पाणी भरले. एक बाजू काजळीने माखलेली, दुसरी चकचकीत. दोन्ही बाजू सारख्याच तापलेल्या होत्या. तरी काजळीच्या बाजूने कितीतरी अधिक उष्णता बाहेर पडत होती.

५) पृष्ठभागाच्या या गुणाला आज उत्सर्जकता म्हणतात. मानवी त्वचेची उत्सर्जकता सुमारे ०.९८ आहे, तर चकचकीत ॲल्युमिनियमची ०.१ हूनही कमी. म्हणूनच उकळत्या पाण्याच्या लखलखीत भांड्यावर हे यंत्र रोखले, तर ते प्रत्यक्षाहून फारच कमी तापमान दाखवते.

६) १८३१ च्या सुमारास इटलीत नोबिली आणि मेलोनी यांनी थर्मोपाइल वापरून काही मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची ऊब टिपली. आजच्या बहुतेक हातातल्या यंत्रांत याच उपकरणाचे चिमुकले रूप असते.

७) १८७९ मध्ये व्हिएन्नाच्या योसेफ स्टेफान यांनी नियम मांडला : उत्सर्जित ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. त्यावरून त्यांनी सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,४०० अंश सेल्सियस काढले. आजचा आकडा सुमारे ५,५०० आहे. जिथे हात पोहोचत नाही तिथले तापमान मोजणे, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य.

८) मात्र २०२० मध्ये प्रश्न सूर्याचा नव्हता, तापाचा होता. यंत्र कपाळाच्या त्वचेचे तापमान मोजते, शरीराच्या आतले नव्हे. उन्हातून आलेल्याचे कपाळ तापलेले असते. घाम किंवा पंख्याचा वारा ते थंड करतो. यंत्र कमीअधिक अंतरावर धरले तरी आकडा बदलू शकतो.

९) या यंत्राचे किरण मेंदूला अपाय करतात, अशी अफवाही तेव्हा पसरली होती. वस्तुतः यंत्र त्वचेतून निघणारी ऊर्जा केवळ ग्रहण करते. काही यंत्रांतील लाल ठिपका नेम धरण्यापुरता असतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढेच.

१०) खरा धोका वेगळाच होता. कोविडची बाधा झालेल्या अनेकांना ताप नसे. काहींना तर लक्षणेच नसत. त्यांचा आकडा अचूक असला, तरी ‘हा माणूस निर्धोक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरे. उलट निरोगी माणूस केवळ उन्हामुळे दारातून परत जाई.

११) हे यंत्र निरुपयोगी नाही. घाम पुसून, काही वेळ सावलीत थांबवून, ठरलेल्या अंतरावरून पुन्हा मोजावे. शंका आल्यास साध्या तापमापीने पडताळावे. हर्शेल यांनीही तुलनेसाठी दोन तापमापी बाजूला ठेवले होते. दारावरच्या घाईत नेमकी हीच पडताळणी राहून गेली.

#धागा #विज्ञानाचा_इतिहास