शस्त्रे खाली ठेवल्यानंतर

लढाई थांबली की माणूस वाचला, असे आपली क्रमिक पुस्तके शिकवितात. मराठवाड्याचा 1948 सालचा अनुभव वेगळा आहे.

आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होता. रझाकारांच्या जुलमाने गावे होरपळली होती. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा राज्यात शिरल्या. 16 तारखेला पॅरिस येथे सुरक्षा परिषदेने हैदराबादची तक्रार विचारात घेतली. 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली, पुढे तक्रारही मागे घेतली. त्याच्या शिष्टमंडळात औरंगाबादेत जन्मलेले दलित नेते बी. श्यामसुंदर होते. उलट, निजामाची बाजू घेऊ नका, असे बाबासाहेबांनी 27 नोव्हेंबर 1947 च्या निवेदनात हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावले होते. नेते बाजू निवडू शकत होते. गावकुसाबाहेरच्या निःशस्त्र माणसाला कोणती बाजू वाचविणार होती?

पॅरिसमध्ये वाद झाला तो हैदराबादच्या दर्जाचा आणि परिषदेच्या अधिकाराचा. शरणागतीनंतर वस्त्यांचे रक्षण कोणी करायचे, याचा ठराव झाला नाही. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबरात राज्यात फिरून अंदाज दिला: पोलीस कारवाईत आणि तिच्यानंतर 27 ते 40 हजार माणसे मारली गेली. बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचा नांदेड आणि उस्मानाबाद होते. रझाकारांच्या गुन्ह्यांची किंमत ज्यांनी हत्यार धरले नव्हते त्यांनीही मोजली. हा अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला.

त्याच 1948 साली संयुक्त राष्ट्रांचे पहिले निरीक्षक पॅलेस्टाईनमध्ये गेले, ते युद्धबंदीवर नजर ठेवायला. नागरिकांच्या रक्षणाचा जिनिव्हा करार 1949 चा. परंतु नागरिकांना वाचविण्याचे काम शांतिसेनेवर स्पष्ट शब्दांत सोपविले गेले ते 1999 साली, सिएरा लिओनमध्ये. तेही ‘आपल्या कुवतीनुसार’. मध्ये रवांडा आणि स्रेब्रेनिका होऊन गेले होते. दोन्हीकडे शांतिसैनिक हजर होते.

दलित वाचकाला यात नवल वाटणार नाही. 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली. तेव्हा युद्ध नव्हते. सरकार होते, पोलीस होते. म्हणून सैनिक किती आले, हे विचारून भागत नाही. ते सीमेच्या रक्षणाला आले की वस्तीच्या, हे विचारले पाहिजे. आणि वस्तीच्या रक्षणाचा हुकूम आधी लिहून घेतला पाहिजे.