पायी लंडन आणि पिशवीतले पुस्तक

उन्हाळा लागला की इंग्लंडमधल्या मराठी घरांत पाहुण्यांचा राबता सुरू होतो. बिग बेन, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे असे सगळे पाहून झाले की तिसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर प्रश्न येतो, "आता काय?" माझे उत्तर ठरलेले आहे : बूट घाला आणि चालायला चला. मग पिशवीत कोणते पुस्तक टाकायचे, एवढेच ठरवायचे उरते. दुकानात गेलात तर लंडनवरच्या मार्गदर्शक पुस्तकांनी फळ्याच्या फळ्या भरलेल्या दिसतात. त्यांतून निवड करायची तर या पुस्तकांचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा.

या घराण्याचा मूळ पुरुष जॉन स्टो. धंद्याने शिंपी. त्याने जुने लंडन गल्लीबोळांतून पायी पालथे घातले आणि 1598 साली 'सर्व्हे ऑफ लंडन' छापले. मांडणी वॉर्डावार. म्हणजे वाचकाने त्याच्यामागून चालावे आणि तो सांगेल तिकडे मान वळवावी. पुढे 1666 च्या आगीत सुमारे तेरा हजार घरे आणि 87 चर्चे जळाली. आगीपूर्वीचे लंडन आज आपल्याला दिसते, त्याचे मोठे श्रेय या शिंप्याच्या पायपिटीला आहे. स्टो म्हातारपणी इतका गरीब झाला की राजाने त्याला मदत दिली ती भीक मागण्याच्या परवान्याची! सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट चर्चमध्ये त्याचा पुतळा आहे. त्याच्या हातात खरे पीस असते आणि ते ठरावीक काळाने समारंभाने बदलतात.

एकोणिसाव्या शतकात पुस्तकांच्या दोन जाती झाल्या. पीटर कनिंगहॅमचे 1849 चे 'हँडबुक' बाराखडीप्रमाणे लावलेले होते. घरी बसून एखाद्या रस्त्याचे नाव शोधायला असे पुस्तक उत्तम, पण चालताना त्याचा उपयोग कमी. कारण शेजारशेजारची दोन घरे पुस्तकात दोनशे पानांच्या अंतरावर असतात. दुसरी जात बेडेकरची. (आपल्या लोणचेवाल्या बेडेकरांशी नाते नाही!) या जर्मन प्रकाशकाचे लंडनवरचे इंग्रजी पुस्तक 1878 साली आले. मार्ग आखून दिलेले, नकाशे रेखीव, आणि पाहण्यालायक वस्तूंपुढे तारे. या ताऱ्यांनी प्रवाशांची सोय केली, तशी त्यांना खोडही लावली. तारा नसेल तिकडे बघायचेच नाही! पहिले महायुद्ध पेटल्यावर जर्मन पुस्तक मागे पडले. बेडेकरच्या इंग्रजी आवृत्त्या सांभाळणाऱ्या म्युरहेड बंधूंनी 1918 साली लंडनवरच 'ब्लू गाइड' काढले आणि ती मालिका पुढे नावारूपाला आली.

आपल्यासारख्या परक्या मुलखात येऊन राहिलेल्यांना एक गोष्ट विशेष वाटावी. या शहराची ओळख इंग्रजांना करून देणाऱ्यांत बाहेरून आलेली माणसे पुष्कळ आहेत. निकोलाउस पेव्सनर यांची जर्मनीतली प्राध्यापकी 1933 साली नाझी राजवटीत गेली. ते इथे आले आणि 1951 ते 1974 या काळात त्यांनी इंग्लंडभरच्या इमारतींची 46 खंडांची नोंद पुरी केली. 'ए टू झेड' नकाशांची कंपनी 1936 साली काढणाऱ्या फिलिस पिअरसॉल या हंगेरीहून आलेल्या नकाशेवाल्याची मुलगी. लंडनचे तेवीस हजार रस्ते त्या स्वतः चालल्या, ही कथा मात्र नकाशांच्या अभ्यासकांना मान्य नाही. कथा गोड आहे, पण पुरावा तेवढा बळकट नाही. मराठीतही असा प्रयत्न लवकर झाला होता. गोव्याचे मूळ असलेल्या गोविंद नारायण माडगावकरांनी 1863 साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले. एखादे महानगर पाहावे कसे, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने दाखवले.

आता निवडीचा मुद्दा. मी पुस्तक हातात घेतले की तीन परीक्षा घेतो.

पहिली परीक्षा वाटेची. रीजंट्स कालव्याचे पान उघडावे. काठाने प्रिमरोज हिलहून लिटल व्हेनिसकडे जाताना मेडा हिलचा बोगदा लागतो आणि त्यातून पायवाट नाही. तिथे वर रस्त्यावर चढून जावे लागते. हे जे पुस्तक सांगते, त्याचा लेखक स्वतः चाललेला आहे. जे नुसते 'रम्य काठ' म्हणते, ते खुशाल परत फळीवर ठेवावे.

दुसरी परीक्षा नसलेल्या गोष्टींची. इथे पूर्वी काय होते, ते का पाडले, हे पुस्तक सांगते का? इयन नेर्न यांचे 1966 चे 'नेर्न्स लंडन' आज रस्ता विचारायला निरुपयोगी आहे, पण नजर तयार करायला त्याच्यासारखे दुसरे नाही. म्हणून आवृत्तीचे साल बघून एक नवे आणि एक जुने अशी जोडी घ्यावी. मोबाइल आपण कुठे उभे आहोत ते दाखवतो. कशावर उभे आहोत, ते पुस्तकाला विचारावे लागते.

तिसरी परीक्षा आपली स्वतःची. वर सांगितलेल्या कालव्याच्या दोन्ही टोकांना आपली घरे आहेत. 10 किंग हेन्रीज रोड इथे 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली घेतले. लिटल व्हेनिसजवळ 10 हाउली प्लेस इथे 1918-19 मध्ये, चिरोल खटल्याच्या निमित्ताने आलेले लोकमान्य टिळक राहिले. दोन्ही दारांचा नंबर दहाच! एक लोकमान्य, एक बाबासाहेब, आणि मध्ये तासाभराची चाल. अनेक पुस्तकांत या वाटेवर फक्त प्राणिसंग्रहालय आणि रंगीत नावा भेटतात.

यात पुस्तकांचा दोष थोडाच आहे. स्टोने आपले लंडन लिहिले, बेडेकरने आपल्या गिऱ्हाइकांचे. आपले लंडन आपण लिहिले नाही, तर दुसरे कोण लिहिणार? इथे वाढलेल्या आपल्या मुलांना हे शहर ट्यूबच्या स्टेशनांच्या नावांनी ठाऊक आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये काय आहे, ते त्यांना चालल्याशिवाय कळायचे नाही.

तेव्हा मंडळी, पुस्तक अवश्य घ्या, पण समास रुंद असलेले घ्या. चालताना जे आपले सापडेल ते पेन्सिलीने तिथे लिहा, साल घाला, आणि पुस्तक मुलांच्या हाती द्या.