आक्षीचा शिलालेख आणि फॉन्टचा परवाना

१/ नागावशेजारच्या आक्षी गावात मराठीतील एक अतिप्राचीन शिलालेख आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य, खाली दानाचा तपशील आणि दान मोडणाऱ्यास गधेगाळीची शापवाणी. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला गेला आहे. त्याविषयी मतभेद आहेत. दान व त्याची अट मात्र एकाच शिळेवर आहेत.

२/ संगणकावरील अक्षरांनाही अशी अट लागते. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट जीपीएल परवान्याखाली खुले केले. हा परवाना मुळात प्रोग्रामसाठी घडलेला.

३/ पेच येथेच उद्भवला. पीडीएफमध्ये फॉन्टही समाविष्ट होतो. मग फॉन्टची अट लेखकाच्या मजकुरालाही लागू होते काय?

४/ ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’च्या १.१ आवृत्तीने (२००७) मजकूर स्पष्टपणे मोकळा ठेवला. फॉन्ट वापरावा, बदलावा, सॉफ्टवेअरसोबत द्यावा, त्यासोबत विकावाही. नुसता फॉन्ट मात्र विकू नये. बदललेल्या फॉन्टला परवाना तोच, पण मूळ कर्त्याने राखून ठेवलेले नाव देता येत नाही. २०११ मध्ये ‘लोहित’ने हाच परवाना स्वीकारला. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ही याच परवान्याखाली आहे.

५/ परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत जावा, हीही एक अट. तो गाळला, तर पुढच्या माणसाला अक्षर मिळते, पण आपला हक्क कळत नाही. येथे शापवाणी नाही. अट मोडणाऱ्यापुरता परवानाच रद्द होतो.