घाट, मेस्त्री आणि जुनी मोटार

आंबेनळीचा घाट हा मोटारीचा कडक परीक्षक आहे. पोलादपूर सोडले की रस्ता प्रतापगडाच्या अंगाने चढत चढत महाबळेश्वराच्या पठारावर जातो. या घाटाचे दुसरे नाव फिट्झगेराल्ड. हे साहेब १८६७ ते १८७२ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. पुढे मोटार आली आणि तिच्यामागून मेस्त्री आला. गव्हर्नरांचे नाव घाटाला मिळाले. मेस्त्री कोठे, कसा शिकला, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

मला ते कळले एका शर्यती बाण्याच्या मोटारीमुळे. परिचयातल्या एका गृहस्थांच्या पडवीत एम. जी. टी. सी. धूळ खात पडली होती. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात अ‍ॅबिंग्डन येथे तयार होणारी ही दोन आसनी गाडी : इंजिन १२५० सी. सी.चे, कार्ब्युरेटर दोन, आणि पत्र्याखाली चक्क लाकडी सांगाडा! दोन उन्हाळी सुट्ट्या मी गावच्या मेस्त्रींच्या हाताखाली ती उलगडण्यात घालवल्या.

मॅट्रिकपर्यंत शिकलेले विज्ञान तेथे प्रथमच हाताला लागले. वर हवा विरळ होते, हे पुस्तकात वाचले होते. पण तेवढ्याने मिश्रणात पेट्रोल जास्त होते, धूर काळा येतो आणि इंजिन मरगळते, हे मेस्त्रींनी दाखवले. उतारावर ब्रेक दाबून धरला की ड्रम तापतो आणि पकड सुटते. "गुरुजी, ज्या गियरात चढलात त्याच गियरात उतरा," ते म्हणाले. या एका वाक्यात कितीतरी माणसांचे प्राण सामावले आहेत.

असे हातचे ज्ञान किती दूर जाऊ शकते, हे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी दाखवले. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या या गृहस्थांनी १९४९ साली 'मीरा' ही छोटी मोटार स्वतः बनवली आणि पुढे १९७० नंतरही तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. सामान्य माणसाला परवडावी, हा त्यांचा ध्यास. पण 'मीरा' कारखान्यातून बाजारात कधी आलीच नाही. परवान्यांच्या त्या काळात मोटार बनवण्यापेक्षा ती विकण्याची परवानगी मिळवणे अवघड होते.

आजच्या मोटारीत कार्ब्युरेटर नाही. पेट्रोलचे माप संगणक ठरवतो. बिघाड झाला की यंत्र जोडायचे आणि पडद्यावरचा आकडा वाचायचा. यात सोय आहे, अचूकपणाही आहे, आणि त्याबद्दल कुरकुर करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु आकडा बिघाडाची जागा दाखवतो; कारणापर्यंत पोचायला अजूनही जाणते कान आणि बोटे लागतात.

आमचे मेस्त्री आता थकले आहेत. रविवारी मी वही घेऊन त्यांच्यापाशी बसतो. ते सांगतात, मी लिहितो. आतापर्यंत चाळीस पाने झाली आहेत, आणि आम्ही अजून गियरपेटीपर्यंतही पोचलेलो नाही.